हातावरचं दही

मेलेल्या माणसांची इतकी काळजी वाहणारा जिवंत माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज अख्ख्या कतारमध्ये सापडायचा नाही. मेलेली म्हणजे कालपरवाची नव्हेत हो! हजारो वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ मुलखातून गाड्या जुंपून निघालेली, ज्यांच्या बोलीतून पुढे मराठीही झाली आणि इंग्रजीही. मेसईदच्या खत कारखान्यातली ड्यूटी संपवून काका चहाला आले की विचारणारच, "पण ती माणसं का निघाली?" गवत वाळलं, गुरं वाढली, धाकट्यांच्या वाट्याला कळप उरेना, त्यात घोडा आणि चाक हाती आलं, ही सगळी कारणं तेच सांगायचे आणि मान हलवून तेच खोडायचे. कॉलनीत कोणी नवा आला की त्यालाही विचारायचे, तू का निघालास? बिचाऱ्यानं पगारासाठी म्हटलं की काका हळूच म्हणत, "तीही एकमेकांना असंच काहीतरी सांगत असतील." मग तो हातातलं बिस्किट बशीत परत ठेवून द्यायचा.

एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला गाणाऱ्या टेकड्यांवर नेलं. वाळू घसरली की तिथे आतून घुमल्यासारखा आवाज येतो, त्यात नवल काही नाही, कण कणाला घासतो. काकांनी वाळूला कान लावला आणि म्हणाले, "गाड्या आहेत. अजून थांबल्या नाहीत." मी हसले खरी, पण वारा पडला होता, टेकडीवर कोणी हलत नव्हतं आणि आवाज काही थांबेना. अंगावर सर्रकन काटा आला. यल्ला, घरी चला, म्हणून मीच सगळ्यांना गाडीत कोंबलं.

काकांकडे साताऱ्याहून निघताना त्यांच्या आईनं दिलेलं विरजण होतं. ती माणसं दुधादह्यावर जगत इतक्या लांब गेली, तेव्हा विरजण संपू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. सुट्टीवर जाताना वाटीभर माझ्याकडे ठेवून जायचे. पण प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर मात्र दही ठेवू द्यायचे नाहीत. आईनं त्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा ते "दोनच वर्षं" म्हणून निघाले होते. आई गेली, घराला कुलूप लागलं, काका इथेच.

काकू वारल्यावर त्यांना एक लेक तेवढी उरली. जन्म इथलाच, मराठी समजायचं पण उत्तर कायम इंग्रजीत. ती कॅनडाला निघाली, तेव्हा दारात टॅक्सी उभी असताना तिनं तळवा पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, दही?"

घरात दही नव्हतं. आईच्या विरजणाची वाटी काकांनी सकाळीच घासून पालथी घातली होती. मला इतका राग आला की तडक घरी गेले आणि माझ्याकडचं दही आणलं, त्यांच्याच विरजणाचं. काकांनी ते तिच्या तळव्यावर ठेवलं. ती चाटून हसली. "दोनच वर्षं, बाबा."

टॅक्सी दिसेनाशी झाली तरी काका दारातच उभे. मग म्हणाले, "मागे कोण राहिलं, ते मी कधी विचारलंच नाही गं."

संध्याकाळी विरजण मागायला रिकामी वाटी घेऊन आले. मी दही वाढत होते, तेवढ्यात त्यांच्या घराच्या बाजूनं, त्या टेकड्यांवर आलं होतं तसंच, घुमल्यासारखं ऐकू आलं. एसी असेल, मी म्हटलं. काका म्हणाले, एसी मी बंद करून आलोय. मग आम्ही दोघं ते थांबेपर्यंत तशीच उभी राहिलो.