आत्यांचं पोवळं

ढगांची बाजू घेऊन माणसांशी भांडणारी बाई अख्ख्या भिवंडीत एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या निघावी, याला नशीब म्हणायचं. सासू मला मिळाली ती गरीब गाय. सुटलो, असं म्हणतोय तोच लग्नाच्या मांडवात मागून आवाज आला, "जावईबापू, ढग कशाचे होतात?" कपाळाला मुंडावळ्या, अंगाला घामाच्या धारा, अशा अवस्थेत मी म्हणालो, "वाफेचे." "अर्धंच बरोबर. वाफेला धरायला बारीक कण लागतो. तो कोण पुरवतं?" मी बायकोकडे पाहिलं. ती अक्षता झटकत होती. "पोवळी!" आत्याच म्हणाल्या, आणि जेवणं होईपर्यंत मला सोडलं नाही.

आत्या निजामपुऱ्यात राहतात. शेजारी कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, समोर लूम, आणि सबंध नोकरी लूमच्या खटखटीवर आवाज चढवून रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेली. त्यामुळे "चहा घेता का?" हे त्या विचारतात तेव्हा गल्लीतले चार जण "हो" म्हणतात. कोबी उकडायला ठेवला की त्या पाहुण्याला हाताला धरून ओट्याशी नेतात, पातेल्यावरचं झाकण काढतात आणि म्हणतात, "घ्या वास. हा ढगाचा वास." मग तपशील सुरू. समुद्रातलं पोवळं म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात शेवाळ भाड्यानं राहतं आणि अंगावर जिवाणूंची वस्ती असते. घरमालक आणि भाडेकरू मिळून गंधकाचा एक पदार्थ करतात, जिवाणू तो फोडतात, त्यातून एक वायू हवेत जातो. उकडलेल्या कोबीला येतो तोच त्याचा वास. त्याचे पुढे कण होतात, कणांवर वाफ जमते, ढग होतो, ढगाची सावली पाण्यावर पडते आणि तापलेल्या पोवळ्याला गारवा मिळतो. "म्हणजे आपली छत्री आपणच शिवायची!" असं म्हणून त्या टाळी मागतात. मी कशेळीच्या गोदामात हिशेब लिहिणारा माणूस. मी एकदा विचारलं, "हे सिद्ध झालंय का?" तर तोंड एवढंसं करून म्हणाल्या, "वायू निघतो हे पक्कं. त्यानं हवामान किती बदलतं, यावर अजून वाद आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळी मागायला हजर.

घोटाळा झाला तो शब्दाचा. गणपतीत मंडळाच्या फळ्यावर लिहिलं गेलं, 'पोवळ्याचा प्रभाव, या विषयावर बाईंचं व्याख्यान'. मंडप तुडुंब भरला. आत्यांना भरून आलं. विज्ञानासाठी एवढी माणसं! पहिल्या रांगेतल्या बाईंनी पिशवीतून मुलीची पत्रिका काढली तेव्हा आमच्या लक्षात आलं. सगळे मंगळवाले, पोवळ्याच्या अंगठीचं विचारायला आलेले! नारपोलीचे एक लूममालक हात जोडून उभे राहिले, "मॅडम, मूंगा कौन सी उंगली में पहनूँ? धंदा बैठ गया है." आत्यांनी माईक असा धरला की मला वाटलं, आता फेकून मारतात. पण त्या म्हणाल्या, "भाईसाब, पहले बैठिए. मूंगा पत्थर नहीं है, किसी का घर है." आणि सगळं व्याख्यान पार पाडलं. अर्धा मंडप उठून गेला, तरी त्यांचा आवाज तसूभर उतरला नाही. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'पोवळेबाई', आणि अजूनही दारात पत्रिका येतात.

आता यातली मेख अशी, की आत्यांच्या स्वतःच्या अनामिकेत लाल पोवळ्याची अंगठी होती. त्यांना कडक मंगळ. स्थळं यायची, पत्रिका बघायची आणि चहा पिऊन जायची. वडिलांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून पोवळं आणून बोटात घातलं. लग्न जमलं नाहीच. अंगठी राहिली, आधी वडिलांना वाईट वाटेल म्हणून आणि ते गेल्यावर सवयीनं. "मी मनात म्हटलं, माझा संसार मांडायचं काम ज्याच्यावर सोपवलंय, तो प्राणी आहे तरी कोण, हे बघू तरी," त्या एकदा मला म्हणाल्या. "रागानंच वाचायला लागले हो."

वाचून सगळं पाठ झालं, पण जिवंत पोवळं कधी पाहिलेलं नव्हतं. आणि समुद्र तापतोय, पोवळी अंगातलं शेवाळ टाकून पांढरीफटक पडताहेत, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाढत चालल्या. एका सकाळी आत्यांनी पेपर घडी करून ठेवला. "जावईबापू, मालवणला जायचं. ती मरायच्या आत मला बघायचीत." मी हसलोच. कारण या बाईला पाण्याची भीती इतकी, की खाडीपुलावर रिक्षा चढली की डोळे गच्च मिटून घेणार! पण एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. चारच दिवसांत त्यांच्या कामवाल्या बाईंचा मला फोन, "दादा, बिगी या. बाय बादलीत त्वांड घालून बसलीय. सास घेते का न्हाय, मना समजत न्हाय!" धावत गेलो, तर डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, तोंडात श्वासाची नळी आणि डोकं बादलीत! वर आल्या त्या खोकत, नाकातोंडात पाणी, डोळे लाल. "जमेल," म्हणाल्या आणि पुन्हा आत. अख्खा हिवाळा ही तपश्चर्या चालली. मी आधी चेष्टा करायचो, मग घड्याळ धरून बादलीशेजारी बसायला लागलो.

मालवणला नाववाल्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजी, तुमका जमतला?" "बादलीत जमलंय," आत्या म्हणाल्या. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. पाण्यात उतरल्यावर त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की मला खरंच भीती वाटली, त्यांचीही आणि मनगटाचीही. नाववाला म्हणाला, "परत वर घेव काय?" आत्यांनी मान हलवली. नाही. मग नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं.

मीही खाली पाहिलं. पोवळ्यांचा बराचसा भाग पांढरा होता, चुना लावल्यासारखा. एवढी तपश्चर्या करून बाईनं हेच बघायचं? तेवढ्यात त्यांनी मला पुढे ओढलं. कपारीच्या सावलीत एक तपकिरी-हिरवट तुकडा होता, जिवंत, त्यावर पिटुकले मासे. आत्या तिथे थांबल्या. माझ्या मनगटावरची पकड सुटली आणि त्या एकट्या तरंगत राहिल्या. खाडीपुलावर डोळे मिटणारी बाई!

नावेत आल्यावर त्या चष्मा काढून पाण्याकडेच बघत बसल्या. एवढ्यात एक ढग आला आणि नावेवर सावली पडली. "आत्या, बघा! छत्री!" मी ओरडलो. त्यांनी वर पाहिलं, डोळे पुसले आणि मास्तरणीच्या सुरात म्हणाल्या, "एका ढगानं काही सिद्ध होत नाही, जावईबापू." मग हळूच, "पण बरं वाटलं."

परतताना त्यांचं बोट मोकळं दिसलं. "अंगठी पडली?" मी घाबरून विचारलं.

"सोडली. उगाच राग धरला होता मी त्याच्यावर. त्याला आभाळाची कामं असताना आपण त्याला माझं लग्न जमवायला बसवलं."

"म्हणजे माहेरी पाठवलंत."

"माहेरी कसलं? लाल पोवळं इथलं नव्हे, लांबच्या खोल समुद्रातलं. इथली ही त्याची लांबची नातलग." शास्त्रात चूक त्यांना खपत नाही. बोटावरच्या पांढऱ्या वळावरून त्यांनी अंगठा फिरवला. "माहेरी नाही, पण मावशीकडे पोचवलं. एवढ्या वर्षांनी तेवढं तरी."

पत्रिका घेऊन लोक अजून येतात. आत्या त्यांना बसवतात, कोबी उकडायला ठेवतात. आणि गोदामाच्या दारात उभं असताना एखादा ढग डोक्यावर आला, की मी हिशेब सोडून वर बघतो. सिद्ध काही होत नाही. पण बरं वाटतं.