कोर्व्हिनाला डिपिंग

रॅकवरचे द्राक्षांचे घड चकाकत होते. मी एक मणी अंगठ्यानं चोळला, तर बोटाला तेलकट लागलं.

कशात बुडवले, असं मी सखूबाईंना विचारलं. सखूबाई आमच्या टोळीच्या मुकादम. बेदाणा करण्यात पाटोद्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

"डिपिंगमधी," त्या म्हणाल्या. "बिनडिपिंगची टाकली तर सडतेल की वो ताई. आबांनी वाळवायला सांगितलं, आमी वाळवली."

डिपिंग म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल घातलेलं पाणी. त्यात घड बुडवले की सालीवरचं मेण फाटतं आणि आतला ओलावा झटपट निघून जातो. बेदाण्याला हे लागतंच. पण आम्हाला करायची होती वाइन.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याजवळच्या एका छोट्या वायनरीत वाइनमेकर आहे. आमचे मालक आबा हे बागायतदार आणि तालुक्याचे पुढारी. इटलीतल्या व्हेरोनाजवळ वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगराळ भाग आहे. आबा तिकडं दौऱ्यावर गेले आणि कोर्व्हिना, रोन्दिनेल्ला या तिथल्या द्राक्षांच्या नादी लागले, ती त्यांनी इथं लावली. तिथले लोक तोडलेले घड बांबूच्या मांडणीवर पसरून थंडीचे महिने नुसत्या वाऱ्यावर सुकवतात. पाणी उडतं, साखर आणि वास दाटतो. त्याची गोड वाइन म्हणजे रेचोतो, आणि साखर पूर्ण आंबू दिली की अमारोने. सगळी करामत सावकाशीत आहे. आमच्याकडं तोडणीच्या वेळी ऊन तापलेलं असतं, म्हणून आम्ही थंड खोली केली, पंखे लावले. मी मशिनरीच्या कामाला नाशिकला गेले होते, त्या दिवशी घड आत गेले. निम्मे डिपिंग करून, निम्मे तसेच, कारण डिपिंग ऑइल संपलं.

मी आबांना सांगितलं, डिपिंगचा माल वाइनमध्ये जाणार नाही. आबांनी आधी सखूबाईंची टोळी काढायची भाषा केली. मी म्हटलं, हुकूम तुमचा होता, अर्धा होता, तो त्यांनी पूर्ण केला. मग ते लेबलवर आले. लेबलं छापून तयार होती: 'व्हेरोनाच्या अस्सल परंपरेनुसार सुकवलेल्या द्राक्षांची'. पुण्याच्या एका हॉटेलनं मागणीही नोंदवली होती.

"मिसळून टाका, मॅडम. पिणाराला काय कळतंय? लई तत्त्वं लावू नका."

"मग बाटलीवर सही तुमची घाला. माझी मिळणार नाही."

ते चिडले. मीही. बाटलीवरचं वाक्य हा वाइनमधलं न कळणाऱ्या माणसाला दिलेला शब्द असतो, आणि ज्याला कळत नाही त्यालाच फसवायचं यासारखा भेकडपणा दुसरा नाही. पण भाषणानं आबा हलणारे नाहीत. ते स्वतः रोज भाषण करतात. मग मी सीताफळाचा विषय काढला. मागच्या हंगामात बाहेरून आलेली सीताफळं कुणीतरी 'बीडची सीताफळं' म्हणून विकत होता. आबांनी भर बाजारात त्याची गाडी अडवली होती. आपल्या सीताफळाला जीआय मिळालंय, म्हणजे त्या नावावर कायद्यानं इथल्या मातीचा हक्क आहे, हे त्यांनीच सगळ्यांना ऐकवलं होतं.

"आबा, तिकडंही कुणीतरी आबा असेल," मी म्हटलं. "त्यानं तुमची गाडी का अडवू नये?"

 आबा सखूबाईंकडं वळून म्हणाले, "डिपिंगचा माल वायला काढा, वाइनमधी मिसळू नका."

वाइन निम्मीच झाली. डिपिंगच्या कोर्व्हिनाचे काळे, बियांचे मनुके झाले. आबांनी ते लिंबागणेशच्या गणपतीच्या देवळात प्रसाद म्हणून वाटले आणि लोकांनी दोनदा हात पुढं केला. नव्या लेबलवर तीन गोष्टी आहेत: कोर्व्हिना-रोन्दिनेल्ला, थंड खोलीत सुकवलेली, तालुका पाटोदा. हॉटेलच्या माणसानं चव घेऊन विचारलं, ही अमारोनेच ना? मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "न्हाई. अमारोने तिकडची. ही आमची."

त्यानं मागणी कायम ठेवली.

परक्याची पद्धत आणताना काय करायचं, हे सगळेच सांगतात. काय करायचं नाही, तेही सांगावं. कसबी हात सूचनेसाठी थांबून राहत नाहीत, ते आपल्या सवयीचंच करतात.