आवडेल तो कागद न्या

आमच्या रविवारच्या बैठकीत आजवर किती चित्रं झाली, हे कुणी विचारू नये. अर्धी उंदरांनी कुरतडली, उरलेली वाळवीनं संपवली. किस्सा मात्र एकही गेला नाही. उलट दर रविवारी नवीन एक येऊन मुक्कामाला राहतो. बायको म्हणते, "तुमी तिथं चित्रं काढायला जाता का गप्पा हाणायला?" मी म्हणतो, दोन्ही. ती म्हणते, चित्रं तर कधी दिसली नाहीत.

मी चित्रकार आहे. म्हणजे पोटासाठी माळशेजकडच्या रिसॉर्टांच्या भिंतींवर धबधबे काढून देतो. एका मालकाला दर वर्षी धबधबा थोडा मोठा करून हवा असतो. आता त्या भिंतीवर नुसतं पाणीच आहे, डोंगर शिल्लक राहिलेला नाही. असली कामं करून हात सडतो हो! म्हणून रविवारी सकाळी आम्ही चौघं जमतो आणि जिवंत माणूस समोर बसवून काढतो.

चौघं म्हणजे मी, बंडू, गायकवाड सर आणि कुंदाताई. शेणव्याला रस्त्यालगत बंडूचा गणपतीचा कारखाना आहे, तिथंच बैठक भरते. गायकवाड सर मुरबाडला हायस्कुलात चित्रकला शिकवतात. कुंदाताई वैशाखऱ्याच्या, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. मॉडेल म्हणून रस्त्यानं जाणारा जो मिळेल तो. पैसे द्यायची ऐपत नाही, म्हणून आम्ही नियम केला: बसणाऱ्याला चहा, वडापाव, आणि शेवटी चारही कागद समोर मांडायचे. आवडेल तो त्यानं घरी न्यायचा.

वाटलं होतं, साधा नियम आहे. चौघांची झोप उडवली त्यानं.

*

सुरुवातीला सरांनी हौसेनं बाहेर पाटी लावली, 'लाइफ ड्रॉइंग, दर रविवारी.' आठवड्याभरात कुणीतरी मोबाइलवर त्याचा अर्थ शोधला आणि गावभर झालं, की बंडूच्या कारखान्यात माणसाला कपडे काढून बसवतात. पुढच्या रविवारी दारात गर्दी. मॉडेल म्हणून मात्र एक जण आत यायला तयार होईना.

शेवटी एक म्हातारेबुवा हिय्या करून आले. धोतर, अंगात सदरा, त्यावर लग्नातला कोट, कोटावर मफलर, डोक्यावर टोपी. महिना वैशाखाचा. बंडू म्हणाला, "काका, कोट तरी काढा, उकडतंय."

काका दोन्ही हातांनी कोट धरून म्हणाले, "सुरवात कोटापासनंच होते ना? मला समदं ठाऊक हाय."

सरांनी त्याच दिवशी पाटी उतरवली.

*

त्याच्या उलट एक जिमवाला पोरगा. आत आला, कुणी काही बोलायच्या आत टी-शर्ट काढला, छाती फुगवली आणि स्टुलावर बसला. कुंदाताई म्हणाल्या, "बाळा, घाल ते. सर्दी होईल." पण हा कुठला ऐकतोय. आम्ही काढायला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर पोरगा जांभळा पडत चाललेला.

"अरे, काय होतंय?" मी विचारलं.

तो दात आवळून म्हणाला, "झालं का? श्वास सोडू?"

*

नियमाचं सांगत होतो. कागद बहुतेक वेळा बंडूचाच उचलला जातो. त्याचं कारण डोळे. बंडूनं जन्मभर गणपतीच्या डोळ्यांची आखणी केलेली, त्यामुळं समोर कुणीही बसो, डोळे गणपतीचे येतात. मोठ्ठे, शांत, प्रसन्न. आमच्याकडच्या किती घरांत बंडूच्या हातचे असे नवरे भिंतीवर लागलेत, आणि खाली तेच नवरे लाल डोळ्यांनी बसलेले असतात.

मधूनमधून सरांचा उचलला जातो, कधी माझा. कुंदाताईंचा कधीच नाही.

ताई वाईट काढतात असं नाही. अगदी खरं सांगायचं तर आमच्यात सगळ्यात चांगलं त्याच काढतात. पण नर्सबाईंची नजर ती. पडलेला दात, सुजलेलं बोट, डोळ्याखालची पिशवी, सगळं जिथल्या तिथं. बसणारा त्यांच्या कागदासमोर आला, की चेहरा पाडतो आणि पुढं सरकतो. ताई दरवेळी "असू दे, असू दे" म्हणत कागद गुंडाळतात. त्यांचा चेहरा मात्र तेव्हा बघवत नाही.

*

एकदा एक किराणा दुकानदार बसला होता. ताई काढता काढता थांबल्या. "मान वर करा. आता थुंकी गिळा बघू." त्यानं गिळली. "परत गिळा." त्यानं परत गिळली. सर माझ्या कानात म्हणाले, "ही काय नवीन टेक्निक आहे?"

ताईंनी कागदाचा कोपरा फाडला, त्यावर काहीतरी खरडलं आणि त्याच्या हातात दिलं. "उद्याच दाखवा. गळ्याची गाठ आहे, घाबरू नका, पण टाळू नका."

दुकानदार बंडूचा कागद एका हातात आणि ताईंचा कोपरा दुसऱ्या हातात घेऊन गेला. त्याचं पुढं सगळं ठीक झालं, थायरॉइडची गोळी चालू आहे. बंडू चेष्टेनं म्हणाला, "ताई, तुमचाही कागद गेला की आज." ताई हसल्या नाहीत.

*

गायकवाड सरांना मार्क द्यायची सवय. वर्गातली सवय, सुटत नाही. आमच्या चित्रांना देतात ते सोडा, बसणाऱ्यालाही देतात. एका रिक्षावाल्याला म्हणाले, "छान बसलात. दहापैकी सात."

रिक्षावाला चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मागच्या हप्त्यात आमच्या तुक्याला तुमी आठ दिले. त्यो तर मधी उठून मुतायला गेला होता."

सरांनी अर्धा मार्क वाढवून दिला. तेवढ्यावर ऐकेना, तेव्हा साडेआठ.

*

आणि ती वालवाली बाई. कडवे वाल भिजवून, मोड आणून, टोपलीत घेऊन कुणाच्या तरी हळदीच्या घरी बिरडं करायला निघालेली. बंडूनं बसवली. बसली, पण रिकामे हात काही तिला धरवेनात. टोपली पुढ्यात ओढून सोलायला लागली. ठीक, हात हलू देत, तेही चांगलंच. पाच मिनिटांनी म्हणाली, "तुमी चौगं नुसतेच का बघताव?" आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ओंजळ टाकली.

सरांसारखा शिस्तीचा माणूस, तोही निमूट वाल सोलत बसला. टोपली संपली तशी बाई पदर झटकून उठली.

मी म्हणालो, "अहो, चित्र राहिलं."

"राहू दे," ती म्हणाली, "उद्या लगीन हाय. तुमचं काय, तुमाला रोजच रविवार."

*

मग आला तो रविवार, ज्या दिवशी कुणीच मिळेना आणि ताईंना सोडायला आलेले त्यांचे यजमानच आम्ही स्टुलावर बसवले. एसटीत ड्रायव्हर होते. बसायची सवय दांडगी, हलले नाहीत. ताईंनी त्या दिवशी जीव ओतून काढलं. कपाळावरची खूण, वाकडं नाक, स्टिअरिंग धरून धरून उतरलेला एक खांदा. मी मनात म्हटलं, आज यांचाच जाणार.

यजमान चारही कागदांपुढून गेले आणि बंडूचा उचलला.

यजमान म्हणाले, "ह्यात जरा बरा दिसतोय ना मी?"

पुढच्या रविवारी ताई आल्या त्या सांगतच. "घरी भिंतीवर कुणीतरी परका बाप्या लावून ठेवलाय. मोठाल्या डोळ्यांनी स्वयंपाकघरात बघत असतो." आम्ही हसलो. मग त्या पेन्सिलीला टोक काढत म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत येते. तोवर एक जरी कागद कुणी नेला, तर नेला. नायतर मी बंद करणार. जे कुणाच्या घरात नको ते काढायचं कशाला?"

मला फार वाईट वाटलं. सरांना माझ्याहून वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच लबाडी केली.

*

सरांची लबाडी अशी. मुरबाडच्या नाक्यावर त्यांनी एक ओळखीचा प्लंबर गाठला, त्याला आधीच वडापाव चारला, आणि पढवलं: बसायचं, सगळे कागद बघितल्यासारखं करायचं आणि शेवटचा उचलायचा. तो म्हणाला, "सर, डन."

आला, बसला. कागद मांडले. पहिले तीन त्यानं ठरल्यासारखे भराभर बघितले. चौथ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. टक्कल बघितलं, हनुवट्या मोजल्या. मग ताईंच्या देखत सरांना म्हणाला, "सर, वडापावचे पैसे मी देतो. पण हा नको."

ताईंनी सरांकडे असं बघितलं, की त्या लबाडीला सर स्वतःच शून्य मार्क देतात.

*

दिवाळी तोंडावर आली. भातकापणी चालू, त्यामुळं रस्त्यावर चिटपाखरू नाही. ताईंनी पिशवी भरायला घेतली होती, तेवढ्यात दारात एका म्हातारीनं डोक्यावरची लाकडाची मोळी धाडकन खाली टाकली आणि पाणी मागितलं. येसूआजी. पलीकडच्या पाड्यावरची.

बंडूनं पाणी दिलं आणि म्हणाला, "आजी, जरा बसतेस का? तुझं चित्र काढतो."

"बसून काय करायचा?"

"काय नाय. नुसतं बसायचं."

"आन् काम?"

"काम काय नाय. चहा आम्ही देतो."

आजीला खरं वाटेना. तिनं आमच्या चौघांच्या तोंडाकडे बघितलं, मग स्टुलावर बसली. इतकं शांत बसलेलं माणूस आम्ही तोवर बघितलं नव्हतं. सरांनीही मार्क दिले नाहीत. एकदा तर मला वाटलं झोपली, पण डोळे उघडे होते. चहा दोनदा प्याली.

कागद मांडले. बंडूच्या कागदात ती देवळातल्या देवीसारखी. आजी म्हणाली, "झ्याक." आणि पुढं सरकली. माझ्यापुढून गेली, सरांच्यापुढून गेली. ताईंच्या कागदाशी थांबली. त्यात तिची ओझ्यानं खचलेली मान होती, वर आलेली गळ्याची हाडं, सुजलेले सांधे, अर्धा मिटलेला उजवा डोळा. ताई बाहेर रस्त्याकडे बघत होत्या, जशी काही त्यांची गाडीच यायची होती.

"ह्यो मी नेते," आजी म्हणाली.

ताई वळून म्हणाल्या, "आजी, नीट बघितलास ना?"

"बगितला. पोराला दावायचाय. त्यो कंपनीत जातो, सून पन जाते. पानी, लाकडा, पोरा, म्हस, समदा माज्यावर. आन् त्यो गावभर सांगतो, आमची आय अजून खनखनीत हाय. मी सांगितला तर हसतो." तिनं कागद थोडा लांब धरला. "चुलीच्या वर लावते. जेवताना समोर दिसल."

ताईंचे डोळे भरून आले होते. आजी पुन्हा कागदात बघत राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, अजून थोडी थकलेली काढशील का?"

ताईंनी पेन्सिल घेतली, स्टूल पुढं ओढलं, आजीचा चेहरा बघितला, मग कागद, मग परत चेहरा. आणि पेन्सिल खाली ठेवली.

"जेवढी थकलीयस तेवढी काढलीय, आजी. त्याच्यावर एक रेघ नाय मारायची."

आजीला ते पटलं. कागदाची सुरळी करून तिनं मोळीच्या दोरात खोचली आणि खाली बसून डोकं पुढं केलं. बंडूनं आणि मी मिळून मोळी उचलायला हात घातला. पहिल्या झटक्यात ती आमच्यानं उचलली गेली नाही.