टोप्या मी परत बसवल्या

मशीन मिलिंदनं जाळली नव्हती, मी जाळली होती. त्याच्याबद्दल लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य हेच ठेवायचं ठरवलं. नाहीतर मी त्याच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगत बसेन आणि हे पुन्हा राहून जाईल. तो गेला त्याला आता काही आठवडे झाले. सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला, “काका, पप्पा उठेनात…” मी पोचलो तेव्हा डॉक्टर जिना उतरत होते. झोपेतच झटका आला, म्हणाले. वय माझ्याएवढंच. घर माणसांनी भरत होतं, मिलिंदची बायको, शोभावहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि मला, लाज वाटते सांगायला, रडू यायच्या आधी एकच गोष्ट सुचली… आता त्याला सांगायचं राहिलं.

आम्ही दोघं मिळून शहरात झाडं छाटायची कामं घ्यायचो. मला वाळूजच्या कारखान्यातून कमी केलेलं, तो देवगाव रंगारीहून आलेला. मी खाली दोर सांभाळायचो, मिलिंद वर चढायचा. चढण्याआधी त्याची एक रीत होती. ज्यांच्या दारात झाड आहे त्यांच्या घरात जायचा, खिडकीपाशी उभा राहायचा आणि कुठल्या फांदीची सावली कुणाच्या अंथरुणावर पडते ते बघून यायचा. ती फांदी ठेवायचा. लोकांना आधी विचित्र वाटायचं, नंतर चहा मिळायचा.

लाकूड कापायची चेनसॉ आमच्या दोघांची होती. आम्ही तिला नुसतं मशीन म्हणायचो. तिला ऑईल वेगळं घालत नाहीत, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. ते कमी पडलं तर आतला पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो. हे मिसळायचं काम मिलिंदचं. मापाची बाटली उजेडात धरून, गुडघे वाकवून, रेघेला डोळा लावून तो ऑईल मोजायचा. मी चिडवायचो, “लेकराला दवा पाजायला का रे?”

“लेकरू दोन थेंब कमी-जास्त पिलं तर चालतंय सुभ्या,” तो म्हणायचा, “ही मरती.”

एका उन्हाळ्यात पुंडलिकनगरच्या एका सोसायटीत मोठ्या कडुलिंबाचं काम होतं. मशीन मंद चालत होती, मध्येच दम टाकत होती. मिलिंद म्हणाला, “आधी रशीदभाईला दाखवू, मग चढू.” रशीदभाई मशिनी दुरुस्त करायचे. मी म्हणालो, मी बघतो. कारखान्यात काम केलेला माणूस, मला यंत्रातलं कळतं असा माझा समज होता. तो नेहमीसारखा खिडकी बघायला आत गेला आणि मी मशीन मांडीवर घेतली. कार्बोरेटरवर पेट्रोल कमी-जास्त करायचे दोन बारीक स्क्रू असतात. कुणी मनाला येईल तसे ते फिरवू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकच्या छोट्या टोप्या बसवलेल्या असतात. टोपी असली की स्क्रू जरासा फिरतो आणि अडतो. त्या कशा काढायच्या ते मी मोबाईलवर बघितलं होतं. टोपीच्या तोंडात एक बारीक स्क्रू पिळायचा आणि पकडीनं ओढायचं. दोन्ही सहज निघाल्या. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. मग मोठ्या वेगाचा स्क्रू आत पिळला, तसा मशीनचा आवाज चढला. अजून पिळला. ती किंचाळायला लागली आणि मला वाटलं, आली ताकद. स्क्रू आत पिळला की पेट्रोल तुटतं आणि त्याच्याबरोबर येणारं ऑईलही तुटतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. टोप्या मी खिशात टाकल्या.

वर गेल्यावर मिलिंदनं हाक मारली, “काय केलंस रे हिला? आज लई रागात हाय!”

“साफ केली!” मी खालून ओरडलो.

दुपार व्हायच्या आत एका जाड फांदीच्या मध्यावर ती थांबली. दोरानं खाली सोडली, तर तिची चालू करायची दोरी ओढता येईना. मिलिंद उतरला, तिच्याजवळ उकिडवा बसला, हात लावून बघितला आणि चटका बसून मागं घेतला. मग पेट्रोलच्या कॅनकडं बघत राहिला. “तेल तर घातलं होतं मी…” आणि माझ्याकडं वळून, “घातलं होतं ना सुभ्या?”

त्यानं मला विचारलं होतं. मी म्हणालो, “तूच घालतोस. मला काय ठाव?”

तो दोर गुंडाळत होता तेव्हा मी त्याच्याकडं पाठ केली, खिशातून टोप्या काढल्या आणि अंगठ्यानं दाबून परत बसवल्या. स्क्रूनं पाडलेली भोकं ग्रीसनं बुजवली. चूक माणसाकडून होते, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. पण टोप्या बसवणं ही चूक नव्हती.

रशीदभाईंनी इंजिन खोललं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. “क्या मिलिंदभाई, सूखी चलायी क्या?” मिलिंद म्हणाला, “नाय हो, मापानं घातलं होतं.” पण आवाज त्याचाच त्याला पटत नव्हता. दुकानात दोर आणि शिड्या भाड्यानं देणारे नाना बसलेले असायचे. ते म्हणाले, “माप बाटलीत ऱ्हायलं वाटतं! काय रे बिनतेल्या?” सगळे हसले. मीही हसलो. ते नाव त्याला चिकटलं. दुकानात पाय ठेवला की “या बिनतेले,” काम संपलं की “चालले का बिनतेले?” मिलिंद हसून हात हलवायचा. त्याची चूक झाली हे मानायला लोकांना वेळच लागला नाही. त्याच्या जागी माझ्या आडनावाचा कुणी असता, तर नानांनी आधी मशीन बनवणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या. हे मला तेव्हाही कळत होतं.

मशीन दुरुस्त झाली. पण त्या दिवसापासून मिलिंदनं तेल मिसळायचं सोडलं. मापाची बाटली माझ्या हातात दिली, “तूच घाल बाबा. माझ्या हाताचा भरवसा ऱ्हायला नाय.” पुढची सगळी वर्षं मी घालत राहिलो आणि तो शेजारी उभा राहून बघायचा, माझ्यावर नजर ठेवायला नाही, शिकल्यासारखा.

सांगायची संधी मिळाली नाही असं नाही. एकदा पैठणजवळच्या शेतात सुबाभळी काढायचं काम होतं. दुपारी धरणाच्या पाण्याकाठी डबे उघडले होते. मिलिंद पाण्याकडं बघत म्हणाला, “माणसाचा हात कधी कधी चुकतो बघ. अन् त्याला सवताला कळत बी नाय. मला अजून डोळ्यापुढं दिसतंय, मी तेल ओततोय… पन नसंल ओतलं.” माझ्या तोंडात घास होता. तो गिळला, पाणी प्यालो. सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, “व्हय. होतं तसं.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यात ठेवला. त्याच्याशी मी बोललेल्या सगळ्या शब्दांत हा ‘व्हय’ मला सगळ्यात जड जातो.

मिलिंद गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार जण बोलले. नानाही उठले. जयभीम म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि प्रेमानंच, डोळे पुसत, ‘आमच्या बिनतेल्या’ची गोष्ट सांगितली. लोक रडता रडता हसले. निघताना वहिनींनी मला दाराशी थांबवलं. “भाऊ, त्या दिशी तुम्ही संगं होता. खरंच यांचं तेल घालायचं ऱ्हायलं होतं का? जेवता जेवता हात थांबायचा यांचा. म्हणायचे, घातलं होतं गं मी.”

“सोडा वहिनी,” मी म्हणालो, “जुनं झालं.” चप्पल घालून चालू लागलो. मिलिंद गेल्यावरसुद्धा मी तेच केलं.

त्यानंतर मला घास गोड लागेना. मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. टोप्या, स्क्रू, ग्रीस, पैठण. वहिनी पोळपाटावरचा हात न उचलता ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी गॅस बंद केला.

“मला कशापायी सांगता? मला म्हायती होतं त्यांनी घातलं असंल म्हणून. ज्यांना म्हायती नाय त्यांना सांगा.”

“सांगतो. आत्ता जातो.”

“थांबा. मी बी येते. कसं ऐकतात ते बघू द्या मला.”

माझ्या गाडीवर मागं बसून त्या आल्या. रशीदभाईंच्या दुकानात नेहमीची माणसं होती, नानाही होते. वहिनींना बघून सगळे उठून उभे राहिले, कुणीतरी खुर्ची पुसली. त्या बसल्या नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगायला लागलो. रशीदभाई मध्येच म्हणाले, “लेकिन ढक्कन तो लगे हुए थे ना, सुभाषभाई… मैं कायको देखता?”

“तुम्ही बघू नये म्हणूनच बसवले होते.”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. नाना खाली बघत म्हणाले, “अरे, मग आमच्यासंगं हसलास कसा तू इतकी वर्षं?” “नाना, मिलिंदचा हात चुकला नव्हता,” मी म्हणालो. “ते नाव माझं होतं, तुम्ही त्याला दिलंत आणि मी देऊ दिलं.”

मग मी वहिनींकडं वळलो. आयुष्यात कुणापुढं असे हात जोडले नव्हते. “वहिनी, तुम्ही विचारलं होतं. त्यानं तेल घातलं होतं. मापानं, बरोबर घातलं होतं. मी त्याच्याशी खोटं वागलो आणि तुमच्याशीही. मला माफ करा.”