ताईचा फ्लेक्स आणि नानाकाकांचा फोटो

रागात माणूस शिवी देतो, फार तर भांडं आपटतो. मी फ्लेक्स लावला. भर द्वारका चौकात, सिग्नलपाशी, सगळ्या नाशिकने बघावा असा. त्या फ्लेक्सने माझी काय गत केली ती ऐका आणि पोटभर हसा. मला अजून नीट हसता येत नाही.

आधी ताईबद्दल. माझी मोठी बहीण, मधुरा. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवली. तेव्हाचं नाव मी सांगणार नाही, विचारूही नका. मी लहान होतो तेव्हा ती देवळ्यापासून इगतपुरीपर्यंत भिंती रंगवायची. कांद्याचं बियाणं, सिमेंट, साड्यांचं दुकान, आणि प्रत्येक जाहिरातीखाली तिची एकच ओळ: नाव लक्षात ठेवा.

मग फ्लेक्स आले आणि ब्रशवाले घरी बसले. ताई बसली नाही. सलीमभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटर शिकली आणि बघता बघता अर्ध्या बाजाराच्या जाहिराती तीच करायला लागली. रविवारी तिच्यासारख्या पोरींना जमवायची, रंगकाम शिकवायची, बोर्डांची कामं मिळवून द्यायची. सिग्नलला हात पसरावा लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

ती काविळीने गेली. दवाखान्यात हिला बायकांच्यात ठेवायचं की पुरुषांच्यात, यावर तिच्या उशाशी उभं राहून चर्चा चालायची. म्हणून ती जातच नव्हती. शेवटी नेली तेव्हा उशीर झाला होता. कुणाची गचांडी धरू, सांगा ना.

नानाकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, खांदा द्यायला आले नाहीत. दहाव्याला मात्र गोदावरीवर सगळ्यांच्या पुढे. गुरुजींनी नाव विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत काकांनी तिचं जुनं नाव सांगून टाकलं.

"काका, मधुरा म्हणा."

"कागदावर आहे ते सांगितलं. चौथी नापास तू, मला शिकवू नकोस."

म्हणजे माझी ताई राहिली बाजूला, मेला तो कुणी दुसराच. आणि त्याच्यासाठी मी डोकं भादरून बसलो होतो.

ओल्या अंगाने उठलो तो थेट सलीमभाईंच्या दुकानात.

"मोठ्यात मोठा फ्लेक्स काढा. ताईचा तो पोरींच्या कार्यक्रमातला, माइक धरलेला फोटो. 'मधुराताई, नाव लक्षात ठेवा.' आणि खाली सगळ्या नातेवाइकांचे फोटो. काकांचा सगळ्यात मोठा."

खांदा दिला नाही ना? आता राहा चौकात तिच्या पायाशी, ऊन खात. हा माझा डाव.

"श्रद्धांजली कुठे टाकू? वर का खाली?" सलीमभाईंनी विचारलं.

"टाकायचीच नाही. ताई म्हणायची ना, मजकूर कमी, नाव मोठं."

"अरे, ती दुकानांबद्दल म्हणायची."

"आणि दिवा, फुलं, काळा रंग, काही नको. पिवळाधमक करा. तिला आवडायचा."

सलीमभाईंचे डोळे रडून सुजले होते. माझ्याशी वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

तुम्ही शहाणे, तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर एकाने माझा हात धरला. "मधुराताई उभ्या राहतायत? बरं झालं. आमच्या गल्लीत नळाला पाणी नाय, त्यांना सांग."

दुसऱ्याने माझं गुळगुळीत डोकं बघितलं. "निवडून यायच्या आधीच नवस फेडलास का रे?"

सांगायला पाहिजे होतं. पण लोक मधुराताई, मधुराताई करत होते. आजवर त्याच लोकांनी तिला हाक मारायची वेळ आली की शुक शुक केलं होतं. आता नाव निघतंय तर ती गेली म्हणून सांगायला माझी जीभ उचलेना.

"पक्ष सांगत नाय बघ," टपरीवाला म्हणाला. "तयारीचा गडी आहे."

दुपारी फ्लेक्सखाली ही गर्दी. मधोमध नानाकाका, गळ्यात झेंडूचा हार.

"नाना, पुतणीला उभं करायला छाती लागते."

आणि काका काय म्हणाले असतील? "आमची मधुरा पहिल्यापासून हुशार. माझ्याच अंगाखांद्यावर वाढली."

मधुरा म्हणाले. आदल्या दिवशी नदीवर याच तोंडाला ते जड जात होतं. मी त्यांची नाचक्की करायला फ्लेक्स लावला आणि त्यांचाच सत्कार चालला होता, तोही ताईच्या फोटोखाली. माझं टाळकं सरकलं. मी शेजारच्या केळीच्या गाडीवर चढलो.

"ती मेली. काल दहावा झाला तिचा. हा माणूस खांद्याला आला नाही, काल तिचं नाव घ्यायची याला लाज वाटली. आणि तुम्ही? नळाला पाणी पाहिजे म्हणून आज ताई झाली तुमची. जिवंत होती तेव्हा तिला दारात उभं केलं होतं का कुणी?"

काकांनी हार काढून खिशात कोंबायला सुरुवात केली. मला वाटलं, आता माना खाली जातील.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक पुढारी पुढे आला. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"वाईट झालं भाऊ. लय वाईट. पण लोकांचे चेहरे बघा. सहानुभूती आहे. तुम्हीच उभे राहा."

"मी?"

"बोललात काय सुंदर. शिक्षण?"

"चौथी नापास."

"चालतंय."

गर्दीतून ताईच्या रविवारच्या पोरींमधली रेखा वाट काढत आली. तिने मला गाडीवरून खाली ओढलं आणि टकलावर अशी लगावली की सिग्नलपलीकडे ऐकू गेली.

पुढाऱ्याला का नाही मारलं, म्हणता? त्याला कशाला मारेल. रडत रडत, शेंबूड पुसत, त्याला विचारत मी होतो, "चिन्ह कोणतं मिळेल?"