दरोडेखोरांची दोस्ती

त्या फ्रेंच सिनेमाची आठवण झाली तरी मला मळमळतं. सिनेमा वाईट नव्हता हो. वाईट आम्ही होतो.

बोईसरच्या कारखान्यात माझ्याबरोबरच लागलेला एक मित्र. दोघेही सांगलीकडचे, एकाच खोलीत राहणारे. सुट्टीच्या दुपारी त्याच्या मोबाइलवर आम्ही तो सिनेमा बघत होतो. दोन दरोडेखोर, जिवाला जीव देणारे. एक सापडतो, पोलीस त्याला बदड बदड बदडतात, पण पठ्ठ्या दुसऱ्याचं नाव काही घेत नाही. मित्र डोळे पुसत म्हणाला, "याला म्हणतात दोस्ती! नाहीतर आपल्याकडे बघ, सगळे साले मतलबी." मीही मान डोलावली. जळलं मेलं ते मान डोलावणं!

तेवढ्यात दारात आमच्या खात्यातला ऑपरेटर उभा. जवळच्याच माकुणसार गावचा. घरच्या वाडीतले चिकू घेऊन आला होता. आठवड्यापूर्वी टाकीतलं ॲसिड उतू जाऊन एका कामगाराचे पाय भाजले होते. धोक्याची घंटा याने बंद ठेवली, असं म्हणून याची नोकरी जायची वेळ आली होती. घरात कमावता हा एकटाच. आणि घंटा बंद करायला सांगितलं होतं सुपरवायझरने. "बंद कर उसको, दिमाग खा रही है," असं ओरडून! आम्ही दोघं तेव्हा हातभर अंतरावर होतो.

"दादा, उद्या शेवटची चौकशी हाय," तो म्हणाला. "तुमी ऐकलंत तेवढंच सांगा. जास्त काय नाय."

मित्राने सिनेमा थांबवला. "आम्ही तर तेव्हा चहाला गेलो होतो रे."

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. आमची पाळी, आमची बढती, सगळं त्या सुपरवायझरच्या हातात.

"हो, चहाला," मी म्हणालो. थू माझ्या जिभेवर!

तो पिशवी उंबऱ्याशी ठेवून गेला. मित्राने सिनेमा पुढे चालू केला आणि एक चिकू सोलला. "गोड आहे," म्हणाला. मी निर्लज्जासारखे दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर चौकशी झाली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्याने आमची नावं घेतली असती, तर सुपरवायझरच्या तोंडासमोर आम्हाला उभं केलं असतं. दार अर्धवट उघडं होतं.

"सुपरवायझरने सांगितलं म्हणतोस," साहेब विचारत होते. "मग तेव्हा तिथे कोण होतं?"



"कोणी नाय, साहेब."

मित्राने माझी मांडी दाबली आणि कानाशी पुटपुटला, "सुटलो रे बाबा."

"सुटलो," मी म्हणालो.