पुंडलिकरावांचा स्विंग

गावातला सर्वांत वाईट गोल्फ खेळणारा माणूस आज पहाटे झोपेतच गेला.

आमचे साडू, पुंडलिकराव.

गावातलं दुसरं कुणी गोल्फ खेळत नाही. त्यामुळे सर्वांत चांगले खेळणारेही तेच.

मुरबाडजवळची त्यांची जमीन एका गोल्फ रिसॉर्टला गेली. बाकीच्यांनी बुलेट घेतल्या, स्लॅब टाकले. साडूंनी सौद्यात मेंबरशिप लिहून घेतली.

"माझ्याच शेतात मला वॉचमन अडवनार? हाड!"

मेंबर झाले म्हटल्यावर खेळणं आलंच.

अंग पैलवानाचं. चेंडू दिसला की नुसत्या हातांनी हाणायचे. तो उजवीकडे वळून थेट शेजारच्या भातात.

कोच सांगून थकला. "काका, हातांनी मारू नका. कंबर वळवा, छाती वळवा. हात मागून आपोआप येतात."

शेवटी त्याने दोन्ही काखांत टॉवेल धरून घुमायला लावलं. टॉवेल पडला, म्हणजे हात अंगापासून सुटले.

साडू भल्या सकाळी खळ्यावर सुरू. डोळे मिटलेले, काखांत टॉवेल, अंग डावी-उजवीकडे घुमतंय.

शेजाऱ्यांना वाटलं, अंगात आलं. भगताला बोलावलं.

भगत दरडावला, "कोन हायेस तू? काय पायजे तुला?"

"टॉवेल पडंल. बाजूला हो."

मी हे आमच्या शहापुरात चवीने सांगत फिरलो. टवाळीचा धंदाच आहे माझा.

मग गेल्या वर्षी लकवा. डावा हात लुळा.

डॉक्टरांनी दाबायला रबरी बॉल दिला. साडूंनी तो उजव्या हाताने भिरकावला.

"मला माझ्या शेतात उभं राहून मारायचाय. जमंल का नाय, तेवढं बोला."



मंगलताई, म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी, कडाडल्या. "हात गेला, पन खूळ नाय गेलं!"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच तो लुळा हात क्रेप बँडेजने स्टिकला बांधू लागल्या.

साडू पडले. उठले. पुन्हा पडले. शिव्या दोन्ही बाजूंनी, सराव रोज.

थंडीत त्यांना रिसॉर्टवर नेलं. वाकता येईना, म्हणून चेंडू मंगलताईंनी ठेवला. पदर खोचून, तोंडाने बडबड चालूच.

हाणायला आता हातात जोरच नव्हता.

कंबर वळली. छाती वळली. मागून हात आले.

टक्.

चेंडू सरळ गेला. फार लांब नाही. पण सरळ.

कोच बघतच राहिला.

साडू धापा टाकत मला म्हणाले, "हसा की आता, शहापूरकर."

मंगलताई म्हणाल्या, "बोलता काय? दुसरा ठेवलाय. मारा."

चेंडूंची टोपली रिकामी होईपर्यंत त्या ठेवत राहिल्या, ते मारत राहिले. अर्धे तरी वाकडेच गेले.

एकदाही थांबले नाहीत.

या आता, पुंडलिकराव. आम्हां सगळ्यांचा मनापासून नमस्कार.